समाप्तच्या आधीची शंकरपाळी

वडगाव, बेळगाव
९ फेब्रुवारी २०२५

दीपंकर,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची रीत आहे. ते नंतर बघू.

तुझा नंबर माझ्याकडं आहे. पण फोनवर तू "बोल" म्हणतोस आणि मी गप्प बसते, आणि ह्या गप्प बसण्याला आता सात वर्षं झाली. शिवाय फोनवर तुला मध्येच "आक्का, मीटिंग आहे" म्हणता येतं. कागदाला मीटिंग सांगता येत नाही. लिफाफा फाडलास तर निम्मं काम झालं.

बातमी अशी की गावात लक्ष्मीची यात्रा भरणार आहे. अठरा वर्षांनी. कमिटी झाली, नागोजी अण्णा अध्यक्ष झाले, आणि गेल्या रविवारी ते रवळूच्या स्कूटरवर मागं बसून थेट वडगावात आपल्या दारात. रवळू आठवतो ना, वरच्या गल्लीतला? आता उद्यमबागेत इंजिनियर आहे. अण्णा आत आले, खुर्चीत बसले, चहा प्याले. आईनं कप विसळताना दोनदा माझ्याकडं वळून बघितलं.

रवळू म्हणाला, "आक्का, आमच्या कंपनीत संडासाला जायचा सुदिक फ्लोचार्ट हाय. एवढी मोठी यात्रा, कुणी कवा काय करायचं ह्येचा चार्ट नगो? मोठा फ्लेक्स करून वेशीत लावू. तू पॉलिटेक्निकात हेच शिकिवतीस न्हवं?"

शिकवते. वीस वर्षं तेच शिकवते. चौकोनात काम, तिरक्या चौकटीत प्रश्न, प्रश्नातून दोन बाण, हो आणि नाही. त्या तिरक्या चौकटीला माझी पोरं शंकरपाळी म्हणतात.

मी नाहीच म्हणणार होते. पण आई चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "लई वर्सांनी गावानं आपल्याला काम सांगितलंय बाई. आन् झाडायचं न्हवं, काढायचं." मग हो म्हटलं.

आता तुझ्या धंद्यातली गंमत. चार्ट कशात काढायचा? अण्णांच्या पुतण्याकडं एक महागडं सॉफ्टवेअर होतं, कुलूप फोडून आणलेलं. मी म्हटलं, देवीच्या यात्रेचा श्रीगणेशा चोरीच्या मालानं नको. अण्णा म्हणाले, "चोरी कसली गं? कॉम्प्युटरातलं तर हाय." मी आमच्या लॅबमधलं लिब्रेऑफिस ड्रॉ सुचवलं. पैसे नाहीत, खातं उघडायला नको, नेट नको, फाईल आपल्या मशीनवर, पाहिजे त्याला उचलून द्यावी. रवळूला मात्र ऑनलाइन फळा आवडला. एक लिंक, ती ज्याच्याकडं असेल त्यानं कुठूनही बघावं, कुठूनही बदलावं. तीन चार्टपर्यंत फुकट. "फुकट" ऐकल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. मी सांगून बघितलं की फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं. ते म्हणाले, "पैसं द्याचं न्हाईत न्हवं? मग एकच."

एकच कसं असेल? पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेल्या घरातली आहे मी. मला दोन्हींतला फरक डोळे मिटून कळतो. पण चहा होऊन गेला होता. ऑनलाइन तर ऑनलाइन.

आठवडाभर खपून चार्ट काढला. देवी बसते त्या गदगेपासून रथापर्यंत, रथापासून ओटीपर्यंत, पाण्याचे टँकर, गाड्या लावायची जागा, हरवलेली पोरं. वर कन्नड, खाली मराठी. शेवटी देवी सीमेवर जाते, पानांची खोप पेटते, गाव मागं न बघता परततं, समाप्त.

काल अण्णांचा फोन आला. "सुनयना, चार्ट झ्याक झालाय. फकस्त शेवटाचा एक डबा ऱ्हायला बघ."

कुठला डबा, हे तुला सांगायला नको. मी फोन ठेवला.

आक्का

*

वडगाव
१७ मार्च २०२५

दीपंकर,

तू उत्तर दिलं नाहीस, पण दुसऱ्या वाटेनं आलास. त्याचंच लिहिते.

रविवार होता. गल्लीतले माग बंद, त्यामुळं दुपारी कानाला एकदम मोकळं वाटतं. मी चार्ट उघडून बसले होते, कारण रात्रीत कुणीतरी तो डबा घालून ठेवला होता. खोप पेटते, मग नवी चौकट 'मागची राखण', मग समाप्त. चौकटीत नाव: सत्याप्पा यांचे घराणे. म्हणजे आपल्या अप्पांचं. मी ती पुसली.

तेवढ्यात पडद्यावर एक निळा बाण आला. खाली इंग्रजीत तुझं नाव.

मी हात मांडीवर घेऊन बसले. बाण सगळा चार्ट फिरला, रथावर थांबला, ओटीवर थांबला. लहानपणी तू असाच बाजारातल्या दुकानांसमोरून फिरायचास, हात न लावता. मग तो खाली आला आणि ती चौकट परत ठेवली. मी बाजूला काढली. तू आणलीस. मी काढली. तू आणलीस. सात वर्षांनी बहीणभाऊ भेटले ते असे. मग तू पिवळी चिठ्ठी चिकटवलीस: "आक्का, असू दे. मान आहे आपला."

गावानं अप्पांना वाळीत टाकल्यावर गिरणीत आपल्या पिठाचा डबा कुणीतरी रोज रांगेत मागं सरकवायचं, आठवतं? तू तणतणत घरी यायचास. त्या रविवारी तसाच डबा सरकत होता. सरकवणारा हात तुझा होता.

अण्णांनी तुला पुण्याला फोन केला हे मला रवळूकडून कळलं. काय म्हणाले असतील तेही मी सांगू शकते. "तुमच्या घराचा मान हाय, तुमच्याबिगर यात्रा पुरी हुईत न्हाय, सायेब." सायेब म्हटलं असणार. तिथं तू विरघळलास.

मग मान कसा होता ते जरा उजळणी करू, तुला पुण्याच्या हवेत विसर पडला असेल. देवी सीमेवर पोचली, खोप पेटली की सगळं गाव पाठ फिरवून निघतं. कुणी मागं बघायचं नाही. आपल्या घरातल्या माणसानं तिथं एकट्यानं थांबायचं, सगळं जळेपर्यंत. मग राख ओढायची, उरलंसुरलं उचलायचं, पाणी मारायचं, आणि अंधार पडल्यावर मागच्या वाटेनं गावात शिरायचं, कुणाच्या नजरेला न पडता. मानकऱ्याकडं बघायला सगळ्या गावाला बंदी, असा दुसरा मान तुला कुठं सापडला तर मला कळव.

गेल्या यात्रेला अप्पांनी एवढंच सांगितलं, "मी थांबणार न्हाय." भांडण नाही, भाषण नाही. राख तशीच पडली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, तो अप्पांमुळं. नागोजी अण्णांचा बैल मेला, तोही अप्पांमुळं. अप्पांच्या हातात एवढी ताकद आहे हे आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि अप्पा गेल्यावर तू त्यांच्या पुण्यानुमोदनाला, आलेली माणसं जेवत असताना, म्हणालास, "अप्पांनी तेवढं केलं असतं तर आपल्याला गाव सोडावं लागलं नसतं." त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही. कारण तुला ठाऊक नसेल म्हणून लिहून ठेवते.

ह्या वेळी गोष्ट जास्त वाईट आहे, आणि ती तुला तरी कळायला पाहिजे. आजवर हे सगळं तोंडी होतं. तोंडी सांगितलेलं तोंडी नाकारता येतं, अप्पांनी नाकारलं. एकदा फ्लेक्सवर छापलं, वेशीत लावलं, गावच्या दप्तरात ठेवलं की तो नियम झाला. अठरा वर्षांनी पुढची कमिटी तोच कागद काढणार आणि तुझ्या पोरीला, प्रियदर्शनीला, पुण्याला फोन करणार. "मॅडम, तुमच्या घराचा मान हाय." माझ्या हातचा चार्ट दाखवून.

म्हणून मी ऑनलाइन फळ्यावरून चार्ट उतरवला. सगळा पुन्हा ड्रॉमध्ये काढला, चौकट चौकट करून. रवळू म्हणाला, "आक्का, लिंकवर सगळ्या गावाचा हात हुता, आता तुझ्या एकटीचं मशीन. ह्यो हट्ट झाला." मी म्हटलं, सगळ्या गावाचा हात नव्हता रं. ज्याला लिंक होती त्याचा होता, आणि तोही सगळी झोपल्यावर.

जुनी लिंक बंद करायला मला दोन दिवस लागले. नेट स्लो होतं.

आक्का

*

वडगाव
२१ एप्रिल २०२५

दीपंकर,

बैठक झाली. शाळेच्या व्हरांड्यात. देवळात मी जात नाही, आणि मी न गेलेलं बरं असं ज्यांना वाटतं त्यांचीही सोय झाली.

भिंतीवर चार्ट पाडला. शेवटच्या जागी मी चौकोन काढलाच नव्हता. शंकरपाळी काढली होती. आत प्रश्न: 'मागची राखण: स्वखुशीनं कोण थांबणार?' खाली एक बाण, 'नाव आहे', तो समाप्तकडं. बाजूनं दुसरा बाण, 'नाव नाही', तो सगळ्या चार्टच्या कडेकडेनं वर चढत जातो आणि पहिल्या चौकटीत शिरतो. पहिल्या चौकटीत काय आहे? यात्रा कमिटी, अध्यक्ष.

रवळू उठून भिंतीजवळ गेला, बोटानं बाण वरपर्यंत नेला आणि हसायलाच लागला. "आक्का, ह्यो तर लूप हाय. नाव मिळस्तवर फिरतच ऱ्हाणार."

"व्हय," मी म्हटलं. "अठरा वर्सं फिरायलाय. आता दिसाय लागला, एवढंच."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सुनयना, शिकलीस सवरलीस, आता गावाला वाकडं दावायलीस व्हय?"

"वाकडं न्हाय अण्णा. बाण सरळ हाय. तुमच्यापत्तुर येतोय, म्हणून वाकडा दिसतोय."

"अगं पण तुमचा मान हाय त्यो! आम्ही काय कमीपणा दिला व्हय?"

"मानच हाय म्हणतासा न्हवं? मग एवढा मोठा मान किती पिढ्या आम्हीच दाबून बसायचं? आम्ही सोडला. घ्या कुणीबी. वरच्या गल्लीनं घ्यावा, मधल्या गल्लीनं घ्यावा. तुमच्या पुतण्यानं घ्यावा."

पुतण्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. मागून कुणीतरी तोडगा काढला, "निपाणीकडनं रोजावर माणूस आणूया की, बोरगावात गावतील." त्यावर अण्णाच गरजले, "खुळा हाईस व्हय? परक्या माणसाला मान देतंय व्हय कुणी?"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चेहऱ्यावर आलेलं मी बघितलं, तुला बघायला मिळालं नाही ह्याचं वाईट वाटतं. रोजगारी चालत नाही, कारण मान आहे. त्यांच्यापैकी कुणी घेत नाही, कारण मान नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी कुणीतरी म्हणालं, फाईल तिच्याकडं आहे, ती म्हणेल तसंच होणार. तर मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवले. तीन. एक अण्णांना, एक रवळूला, एक शाळेला. म्हटलं, फाईल सगळ्यांची. सॉफ्टवेअरही त्यातच घातलंय, कुणाला विचारायला नको, पैसे नकोत, माझीही परवानगी नको. उघडा, पाहिजे ते बदला. अट एकच, आणि ती तुम्हीच आता हात वर करून ठरवा. शंकरपाळीत नाव घालायचं तर ज्यानं त्यानं स्वतःचं घालायचं. दुसऱ्याचं नाही.

हात वर झाले. दुसऱ्याचं नाव घालणार नाही म्हणायला कुणाचं काय जातं? सगळ्यांनाच वाटलं, दुसरा कुणीतरी स्वतःचं घालेल.

पुढचं रवळूनं सांगितलं. पुतण्यानं घरी जाऊन शंकरपाळीच उडवून बघितली. उडाली, पण बाण अधांतरी लोंबत राहिला आणि यात्रा समाप्तपर्यंत पोचेना. मग त्यानं परत घालून आत अप्पांचं नाव लिहिलं आणि छापायला रवळूकडं पाठवलं. रवळूनं ते परत केलं. म्हणाला, "सत्याप्पा मामा जाऊन सात वर्सं झाली. आमच्या कंपनीत मेलेल्या माणसाला ड्युटी लावत न्हाईत."

नाव कुणाचंच आलं नाही. चार्ट तसाच फ्लेक्सला गेला.

हे सगळं मी अगदी शांतपणानं लिहिते आहे असं समजू नकोस. आईला गावातनं निरोप येतात. काल एक बाई भाजी घेता घेता तिला म्हणाली, तुमच्या लेकीमुळं ह्या साली पावसाचं काय खरं न्हाय. आई म्हणाली, "तिच्या बापामुळं आलता की लेट. लेट आला, पर आलता." भाजी घेऊन आली आणि पिशवी तशीच ठेवून भर दुपारी अंथरुणाला टेकली.

तिच्यासाठी तरी तू मान घ्यायला येऊ नकोस. तुझं नाव तुला शंकरपाळीत घालायचं असेल तर मी अडवणार नाही, अट मीच मांडली आहे. पण तुझंच घाल. अप्पांचं घराणं म्हणून घातलंस, तर पहिल्यांदा तुझ्याशी भांडायला मी तोंड उघडीन.

आक्का

*

वडगाव
१९ मे २०२५

दीपंकर,

सप्रेम जयभीम. (हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून राहू दे.)

तू आला होतास. मला दिसलास. वेशीतल्या फ्लेक्ससमोर, प्रियदर्शनीला घेऊन. पोरगी केवढी उंच झाली! तुझे केस गेले, ते मात्र तू फोटोत लपवतोस. मी भज्यांच्या गाड्यामागं होते. लपले नव्हते, भजी घेत होते.

फ्लेक्सची सगळी मजा मी तिथं उभी राहून घेतली. वर कन्नड, खाली मराठी, बाण मात्र कुठल्याच भाषेत नव्हता, त्यामुळं सगळ्यांना कळत होता. माणसं वरून बोट फिरवत खाली यायची, रथ, ओटी, सीमा, खोप, आणि शंकरपाळीपाशी थांबायची. मग बोट कडेनं वर, अध्यक्षांपर्यंत. मग एकमेकांकडं बघून हसायची. सांबऱ्याचे पाहुणे होते, त्यांनी तर फोटो काढले. अण्णा दिवसभर त्या वाटेनं गेले नाहीत. आपल्याच यात्रेत मागच्या वाटेनं फिरले.

तू बोट फिरवलं नाहीस. नुसता बघत होतास. पोरीनं विचारलं, "बाबा, ह्यात आपण कुठं आहोत?" तू वरपासून खालपर्यंत शोधलंस. खरंच शोधलंस, मी बघत होते. आणि मग तू "चल, ऊन लागतंय" म्हणालास. आमच्याकडं आला नाहीस. आईला मी सांगितलं नाही. तिला आपोआप कळलं, तिनं तुझ्या वाटणीची पुरणपोळी फडक्यात बांधून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी मला दिली.

पण तू शेवटच्या दिवसाला थांबला नाहीस. तेव्हा ते सांगते.

देवी सीमेवर गेली. खोप पेटली. गावानं पाठ फिरवली. सगळी चालायला लागली आणि मग, रवळू सांगतो, चाल हळू झाली. बघायचं तर नाही, पण प्रत्येकाला आपल्या मागं कोण थांबलंय हे पाहिजे होतं. कुणीच थांबलेलं नव्हतं. कमिटीतले एकेक करून पुढं सटकले. पुतण्या तर सगळ्यांत पुढं. अण्णा चालत होते, मग चालायचे थांबले. सत्तरी ओलांडलेला माणूस. म्हणाले, "जावा तुमी." आणि मागं फिरले. मागं बघायचं नाही हा नियम अध्यक्षांनीच मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या वस्तीत आले. यात्रेसाठी आई आणि मी आपल्या जुन्या घराशेजारच्या नागुबाईकडं उतरलो होतो. अण्णा दारातच उभे. धोतराला राख, हाताला फोड, फावडं धरायची सवय राहिलेली नाही. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. माझ्याशी बोललेही नाहीत. आईकडं बघून म्हणाले,

"लक्ष्मीबाई, समदं गाव पाठ करून निघालं की लई भ्या वाटतंय ओ."

आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"व्हय की. आमच्या मालकास्नी वाटत नसंल, असं वाटलं व्हय तुमास्नी?"

अण्णांनी फोड आलेले हात धोतराला पुसले. मग गेले. त्यांनी माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर आईनं काय केलं असतं हे मला माहीत नाही. त्या वयाची माणसं हे असंच मिटवतात किंवा मिटवत नाहीत. मी त्यात गोड काही मिसळणार नाही.

फ्लेक्स उतरवून गावच्या दप्तरात ठेवला आहे. शंकरपाळीसकट. पुढच्या कमिटीनं काढावा, बाणामागं जावं, जो अध्यक्ष असेल त्याच्यापर्यंत पोचावं. तोवर मी असेन नसेन. फाईल आहे.

फाईल तुलाही पाठवते आहे, सोबत पेन ड्राइव्ह आहे. उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. आत शंकरपाळी रिकामी आहे आणि ती मी रिकामीच ठेवणार.

आणि प्रियदर्शनीनं विचारलं होतं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस, ते दे. आपल्या घरातल्या माणसानं ही यात्रा कधी नुसती बघितली नव्हती. आज्यानं नाही, पणज्यानं नाही. अप्पा त्या वर्षी दार लावून घरात बसले होते. भजी खात, फोटो काढत, बाकीच्यांसारखं गर्दीत उभं राहून बघणारी आपल्यातली पहिली माणसं म्हणजे मी, तू आणि ती पोरगी.

तिला सांग, आपण चार्टमध्ये नव्हतो. आपण यात्रा बघायला आलो होतो.

तुझी
आक्का